शाळेमागचं रान: जेसीबी की कुदळ?
आमच्या मुलांच्या शाळेमागे, टेकडीच्या पायथ्याशी अर्धा एकर रान माजलंय. तिथे उघड्यावरचा वर्ग करायचा, यावर पालकसभेत एकमत झालं. कसा, यावर नाही.

जेसीबी लावला तर दोन दिवसांत जागा लख्ख. मग लॉन, पेव्हर ब्लॉक, सिमेंटची बाकं. फोटो छान येतील. पण उकरलेल्या मातीत पहिल्या पावसाबरोबर गाजर गवत हजर होतं, आणि एप्रिलात लॉनसाठी टँकर कोण आणणार?

कुदळीचं काम रेंगाळतं. दोन-तीन पावसाळे धरूनच चाला. घाणेरी (टणटणीचं झुडूप) नुसती छाटून भागत नाही, बुंध्यातून परत फुटते. माती ओली झाली की मुळासकट उपटायची, नाहीतर फळं खाऊन बुलबुल बी पसरवतात. सुबाभळही नुसती छाटली की बुंध्यातून परत फुटते. पण गेल्या रविवारी घाणेरीची एक जाळी उपटली, तर खाली गुडघ्याएवढा आपटा! दसऱ्याचं सोनं ते हेच, हे चौथीतल्या पोरांना तिथेच कळलं. (बाजारात कांचनाची पानं खपवतात, ते सोडा.) जेसीबीखाली तो गेलाच असता.

माझं मत कुदळीला. फक्त वाट आणि बसायची जागा आधी मोकळी करा, आणि पोरांना बूट सक्तीचे. पुण्याच्या टेकड्यांवर घोणस असतेच.