कॅप्शन विकीवर न्यायचे: वेबहुक की क्रॉन?

व्हिडिओचे कॅप्शन तयार झाले की मजकूर आपोआप टीमच्या विकीवर जावा, यासाठी दोन वाटा आहेत.

वेबहुकमध्ये कॅप्शनचे टूलच तुमच्या सर्व्हरला कळवते, आणि पान काही सेकंदांत तयार होते. त्यासाठी बाहेरून पोहोचता येईल असा, सतत चालू असणारा एचटीटीपीएस पत्ता हवा. विनंती आली की आधी २०० (‘विनंती मिळाली’ हा कोड) उत्तर द्या, काम मागाहून करा. उत्तराला उशीर झाला तर बरीच टूल्स तीच विनंती पुन्हा पाठवतात आणि एकाच व्हिडिओची दोन पाने होतात. म्हणून व्हिडिओचा आयडी पानावर नोंदवा आणि नवे पान करण्याआधी तो शोधा. सिग्नेचर (विनंती खरेच त्या टूलकडून आल्याची खूण) तपासायचा कंटाळा करू नका, नाहीतर पत्ता कळलेला कोणीही विकीत कचरा भरेल.

क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात, दर १५ मिनिटांनी आपणच टूलच्या एपीआयला (प्रोग्रामने माहिती मागायच्या सोयीला) नवे कॅप्शन आहे का विचारायचे. दिवसाला ९६ खेपा, त्यातल्या बहुतेक रिकाम्या. पण सर्व्हर रात्रभर बंद पडला तरी काही हरवत नाही; शेवटच्या यशस्वी खेपेची वेळ जपली असेल तर तिथून पुढचे सगळे उचलता येते. दिवसाला पाच-दहा व्हिडिओ असतील तर हाच बरा.

विकीची कटकट दोन्हीकडे सारखीच. कॉन्फ्लुअन्स या विकीत पान बदलताना आवृत्तीचा आकडा एकाने वाढवून पाठवावा लागतो. मधेच कोणी पान संपादित केले असेल तर ४०९ (आवृत्ती जुळत नाही, असा एररचा कोड) येतो. पान पुन्हा वाचून नवा आकडा घ्या. शिवाय कॅप्शन फाइलचे दोन प्रकार असतात: एसआरटीत वेळ ००:०१:०२,५०० अशी स्वल्पविरामाने लिहितात, वेबव्हीटीटीत तिथे टिंब असते. एकासाठी लिहिलेला पार्सर (फाइल वाचणारा कोड) दुसऱ्यावर अडतो.