फ्युएल पंप बदलून अकरा महिने झाले, त्याचा अनुभव

गाडी नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. गेल्या मे महिन्यात अकोल्याहून अमरावतीला जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे भर दुपारी बंद पडली. बाहेर ४४ अंश, काटा रिझर्व्हला टेकलेला. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पेटायचं मात्र नाही. पाऊण तास बाभळीखाली घाम पुसत बसलो, मग पहिल्या सेल्फला चालू.

खरं तर टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा हा पंप महिनाभर आधीपासून ओरडत होता. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक ‘ऊंऽऽ’ येतो, तो एप्रिलपासून गाणी चालू असतानाही ऐकू यायला लागला होता. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, चालायचंच.

मेकॅनिकने आधी रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि सॉकेट तपासलं, हे त्याचं बरं. मग पेट्रोलचा दाब मोजणारं गेज लावलं: थंड असताना प्रेशर तीन बारच्या आसपास, अर्धा तास इंजिन चालवल्यावर दोनच्या खाली. पंप बाहेर काढला तर त्याच्या तोंडाची पेट्रोल गाळणारी जाळी चहाच्या गाळणीसारखी तपकिरी, खाली बारीक गाळ. “भाऊ, पाचशे-पाचशेचं टाकता ना?” त्याने विचारलं. गप्प बसलो.

टाकीतल्या पंपाची मोटर पेट्रोलमध्येच बुडलेली असते आणि पेट्रोल तिच्यातूनच वाहतं, तेच तिला गार ठेवतं. म्हणून रिझर्व्हवर चालवलं की पंप जळतो, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. बहुतेक गाड्यांत पंपाभोवती एक वाटी असते, पेट्रोल कमी असलं तरी ती भरलेली राहते. पण टाकीत चारच लिटर असेल तर ते लवकर तापतं, आणि तापलेलं पेट्रोल पंपाच्या ओढीच्या बाजूला, जिथे दाब कमी असतो, तिथे वाफ धरतं. वाफ आली की प्रेशर पडतं, गारवाही जातो. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की हवा ओढली जाते ते वेगळंच. त्यात जाळी चोंदलेली असेल तर ओढ आणखी वाढते. माझ्या पंपाचं हे सगळं मिळून झालं असावं. नुसत्या कमी पेट्रोलवर खापर फोडणार नाही.

पूर्ण असेंब्ली टाकली, मजुरीसकट साडेसहा हजार. नुसती मोटर स्वस्तात मिळत होती, पण जुनी वाटी आणि जुनी जाळी ठेवून काय उपयोग? त्यानंतर ११,००० किलोमीटर झाले. पाव टाकीखाली काटा जाऊ देत नाही. महिन्याचा खर्च तोच, फक्त पैसे आधी जातात. (उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो, हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर यंदाही आला. नोझल आपोआप कट झालं की थांबायचं, वर जागा उरतेच.)

एक तक्रार आहे: नवा पंप पहिल्या दिवसापासून जुन्यापेक्षा किंचित जास्त आवाज करतो. तो वाढलेला नाही. परवा ४३ अंशांत अमरावतीला जाऊन आलो, मूर्तिजापूरला मुद्दाम चहाला थांबून तापलेली गाडी पुन्हा चालू करून पाहिली. अर्ध्या सेल्फला लागली.