एकच सुई, तीन गाठींचं बिल

सुई एकदा टोचली आणि बिल तीन गाठींचं आलं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे ते मी निमूटपणे भरलं.

न्यू जर्सीत राहून पंधरा वर्षं झाली. भाजीच्या पावतीवरसुद्धा बोट ठेवून हिशेब बघणारी मी. पण दवाखान्याचा कागद हातात आला की डोळे मिटून सही करते. गेल्या जानेवारीत पोटाच्या सोनोग्राफीत यकृतावर एक डाग दिसला. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलेलं, त्यामुळे सीटी स्कॅनचा डाय डॉक्टरांना नको होता. म्हणून कॉन्ट्रास्ट अल्ट्रासाउंड करायचं ठरलं. यात शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. मूत्रपिंडांवर भार नाही, वायू श्वासावाटे निघून जातो. अमेरिकेत यकृतासाठी याला २०१६ साली मान्यता मिळाली.

तपासणी मला नीट आठवते, कारण मान वळवून मी पडद्याकडेच बघत होते. टेक्निशियन बाईंनी दुधासारखं पांढरं औषध सिरिंजमध्ये ओढलं, शिरेत सोडलं, मागून सलाइन ढकललं आणि घड्याळ सुरू केलं. काळा डाग आधी कडेने उजळला, मग हळूहळू आत भरत गेला. पाच-सहा मिनिटांत संपलं. साधा हेमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, निघाला. जीव भांड्यात पडला.

तीन आठवड्यांनी सेंटरमधून फोन आला. ११४० डॉलर बाकी आहेत, आज कार्डाने भरलेत तर २० टक्के सूट. वर्षाची सुरुवात, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी आपण भरायची रक्कम) अख्खं शिल्लक, म्हणजे पैसे आपल्याच खिशातून जाणार हे ठाऊक होतं. २२८ डॉलर वाचले या आनंदात मी ९१२ भरून मोकळी झाले. इथेच फसले. सूट दिसली की आपण बिल बघायचंच विसरतो.

विमा कंपनीचा ईओबी, म्हणजे कशाचे किती पैसे लावले याचा तपशील, नंतर आला. त्यावर ठळक छापलेलं असतं, ‘हे बिल नाही’, आणि म्हणूनच तो कोणी वाचत नाही. मी वाचला तोही नवरा टॅक्सची फाइल लावत होता म्हणून. त्यात बिलाचे कोड होते. ७६९७८, एक युनिट. ७६९७९, दोन युनिटं. क्यू ९९५०, म्हणजे ते पांढरं औषध, दर मिलीला एक युनिट या हिशेबाने पाच युनिटं.

आधी मी त्या पाचावरच भडकले. रिपोर्टात औषध २.४ मिली दिलेलं, मग पाच कशाचे? पण ती कुपी पाच मिलीची, एकाच रुग्णासाठी असते. उरलेलं फेकून द्यावं लागतं आणि मेडिकेअर या सरकारी विम्याच्या नियमांतही फेकलेल्याचे पैसे ‘जेडब्ल्यू’ अशी खूण लावून मागता येतात. तेवढ्यावर भांडले असते तर तोंडघशी पडले असते.

खरी गोम ७६९७९ मध्ये होती. २०१९ च्या जानेवारीपासून हे दोन कोड लागू आहेत. ७६९७८ पहिल्या गाठीचा. ७६९७९ प्रत्येक पुढच्या गाठीचा, आणि तोही त्या गाठीसाठी वेगळं इंजेक्शन दिलं तरच. माझ्या रिपोर्टात लिहिलेलं, गाठ एक, इंजेक्शन एक. उरलेल्या दोन गाठी फक्त बिलात उगवलेल्या, ४२० डॉलरच्या!

सेंटरला फोन केला. पहिली बाई म्हणाली, कोड सिस्टीम टाकते. दुसरी म्हणाली, डॉक्टरांनी टाकले. तिसऱ्याने विचारलं, “तुम्ही मेडिकल कोडर आहात का?” मी म्हटलं, नाही, पण मला एकपर्यंत मोजता येतं. (हे उत्तर खरं तर फोन ठेवल्यावर सुचलं. फोनवर मी नुसतीच ‘थँक यू’ म्हणाले होते.)

मग तोंडी बोलणं बंद केलं. पेशंट पोर्टलवरून रिपोर्ट उतरवला, सेंटरकडून कोडनिहाय बिल लेखी मागवलं, आणि दोन्ही विमा कंपनीला पाठवून एवढंच विचारलं: दुसरं आणि तिसरं इंजेक्शन रिपोर्टात कुठे आहे ते दाखवा. त्यांनी सेंटरकडे कागद मागितले, आणि त्या दोन युनिटांचे पैसे रद्द झाले. ईओबी येण्याआधी एक पैसाही भरला नसता तर एवढी यातायात झालीच नसती.

सेंटरने ‘कारकुनी चूक’ म्हणत चेक पाठवला, ३३६ डॉलरचा. ४२० मधून स्वतःची २० टक्के सूट बिनचूक वजा केलेली. तिथे मात्र हिशेब चुकला नाही.

मीही चूक समजून सोडून दिलं होतं. मग मंडळाच्या हळदीकुंकवाला एका वहिनींशी विषय निघाला. त्यांचीही तपासणी त्याच सेंटरमध्ये झालेली, बिल कधीच भरलेलं. काल त्यांनी ईओबी शोधून मला फोटो पाठवला. रिपोर्टात गाठ एक. खाली ७६९७९, दोन युनिटं.