जुना फोटो की सहीचं पुस्तक? सिनेमाच्या इतिहासाचा संग्रह सुरू करताना

सिनेमाचे जुने फोटो आणि सिनेमातल्या माणसांनी सही केलेल्या त्यांच्या पुस्तकांच्या प्रती, या दोन्हींपैकी एकच छंद परवडणार असेल आणि तुम्ही नवखे असाल, तर सहीच्या पुस्तकांपासून सुरुवात करा. मात्र मूकपटांचा किंवा प्रभात फिल्म कंपनीच्या आधीच्या कोल्हापूरचा नाद लागला असेल, तर हा सल्ला विसरा आणि फोटोंकडे वळा. तिथे दुसरा इलाजच नाही.

१४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. आज त्याची प्रिंट कुठेही नाही, ते थिएटरही नाही. उरलेत ते थोडे स्टिल फोटो आणि छापील जाहिराती. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’ची (१९२०) आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’ची गतही तीच. नायट्रेटची (चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची) कितीतरी रिळं त्यातल्या चांदीसाठी विकली गेली, कितीतरी जळाली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं ते १९६४ साली, म्हणजे बराच उशीर झाल्यावर. पुढे जानेवारी २००३ च्या आगीत जपलेल्यांपैकीही बरीच रिळं गेली. अशा वेळी एखाद्या स्टिलमधला मागचा रंगवलेला महाल, नटाच्या मिशीचा डिंक, कोपऱ्यात चुकून आलेला रिफ्लेक्टरचा तुकडा, एवढीच त्या सिनेमाची साक्ष उरते. हे काम पुस्तक करू शकत नाही.

पण फोटोच्या बाजारात एक मोठी गोम आहे. तिथे मोल चित्राचं नसतं, कागदाचं असतं. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधला विष्णुपंत पागनीसांचा एकच फोटो घ्या. तो त्याच वर्षी स्टुडिओने छापलेला असू शकतो, सत्तरच्या दशकात जुन्या निगेटिव्हवरून काढलेला असू शकतो, किंवा गेल्या पावसाळ्यात फोटोवरून फोटो मारून तयार केलेला असू शकतो. फ्रेममध्ये घातल्यावर तिन्ही सारखेच दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मी हे पैसे घालवून शिकलो. एका विक्रेत्याकडून प्रभातचा म्हणून एक स्टिल घेतला होता. छान पिवळट, कोपरा दुमडलेला. घरी येऊन दुमडीवरून बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत. दुमड कागदावर नव्हतीच, ती फोटोतल्या चित्रात होती! मूळ दुमडलेल्या फोटोचा कोणीतरी फोटो काढला होता आणि पिवळेपणा बहुधा चहाच्या पाण्याचा होता. तेव्हापासून तीन गोष्टी बघितल्याशिवाय पाकीट काढत नाही.

पहिली म्हणजे बोट. ओरखडा, घडी, टाचणीचं भोक डोळ्याला दिसतं ते हाताला लागलं पाहिजे. (हात स्वच्छ आणि कडेकडेनेच, विक्रेत्याला विचारून.) दुसरी, तिरपा उजेड. चांदीच्या रसायनाच्या कागदावर काढलेल्या जुन्या प्रिंटमध्ये कडेकडेच्या काळ्या भागावर निळसर चंदेरी तकाकी चढलेली असते. ती असली म्हणजे फोटो अस्सलच असं नाही, पण ती नकली आणणं अवघड आहे. तिसरी, नोटा तपासायचा जांभळा दिवा. पन्नासच्या दशकापासून फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं येऊ लागली. असा कागद त्या दिव्याखाली निळा-पांढरा चमकतो. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चा ‘मूळ’ फोटो ट्यूबलाइटसारखा चमकला, तर नमस्कार करून निघावं. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर तो फोटोच नव्हे, छापखान्यातून आलेलं चित्र आहे. बुकलेटचं किंवा लॉबी कार्डचं (थिएटरच्या दर्शनी भागात लावायच्या छापील चित्राचं) पान म्हणून त्यालाही किंमत असते, पण फोटोची नाही.

आणि पाठ बघायला विसरू नका. स्टुडिओचा शिक्का, शिसपेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, एखाद्या साप्ताहिकाच्या ब्लॉकमेकरने (छपाईचा ठसा बनवणाऱ्याने) लिहिलेलं माप, हे सगळं फोटोचं जन्मपत्र असतं. म्हणूनच जाड पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवलेला फोटो मी सहसा घेत नाही.

पुस्तकांची गोष्ट वेगळी. पुस्तक आपली ओळख स्वतः सांगतं: प्रकाशक, मुद्रणालय, आवृत्ती, वर्ष, कधी कधी शकातली तिथीसुद्धा. शंका उरते ती फक्त सहीबद्दल आणि तिचा निकाल बराचसा साध्या गणिताने लागतो. अभिनेत्री शान्ता आपटे यांचं ‘जाऊ मी सिनेमात?’ १९४० चं, त्या गेल्या १९६४ मध्ये. सहीखाली १९४० ची तारीख आणि सही तेव्हा न मिळणाऱ्या बॉलपेनची असेल, तर पुढे बोलायलाच नको. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ पुस्तकरूपात १९७० ला आलं आणि त्या १९७१ मध्ये गेल्या. म्हणजे सही करायला हाती वेळच थोडा होता. ती प्रत समोर आली तर आनंदाआधी संशय यायला हवा. उलट ‘मी, दुर्गा खोटे’ १९८२ चं आणि दुर्गाबाई १९९१ पर्यंत होत्या. त्यांच्या सहीची प्रत मिळणं अशक्य वाटण्याजोगं नाही.

शाईही चुगली करते. जुन्या पुस्तकाच्या कागदाची, शाई पसरू न देणारी खळ मेलेली असते. त्यावर आज फाउंटन पेन टेकवलं तर शाई टीपकागदावर पसरावी तशी फुटते. पुस्तक नवं असताना केलेली सही सहसा काठाला स्वच्छ राहते. आणि लेखकाच्या छायाचित्राखाली छापलेली सही हाताची समजून घेणारेही भेटतात, तेव्हा भिंग इथेही लागतंच.

नुसत्या सहीपेक्षा ‘सप्रेम भेट’ कोणाला आहे हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नटीने आपल्या आठवणींची प्रत रंगभूषाकाराला दिली असेल, तर त्या दोन ओळींत पुस्तकात न आलेलं एखादं प्रकरण असू शकतं. समारंभात रांगेतल्या दोनशेव्या माणसाला दिलेली सही मला कोरडी वाटते. बरेच संग्राहक याच्या उलट बोलतील. त्यांना मध्ये तिसऱ्याचं नाव नसलेली स्वच्छ सही हवी असते, कारण ती विकायला सोपी.

एक ताकीद: पानावर वाचनालयाचा शिक्का असेल तर ‘रद्द’ किंवा ‘बाद’ असाही शिक्का शोधा. नसेल तर ते पुस्तक वाचनालयाचंच आहे, तुमचं नाही.

किमतीच्या बाबतीत पुस्तक सरळसरळ जिंकतं आणि त्याचं कारण गमतीचं आहे. फोटोतला चेहरा दुकानदारालाही दिसतो, सही मात्र आतल्या पानावर असते. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर मधुबालाचा फोटो स्वस्तात सुटेल ही आशा सोडा. पण पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी, नाहीतर मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, सहीचं पुस्तक बिनसहीच्या भावात मिळू शकतं, कारण विकणाऱ्याने ते उघडलेलंच नसतं. रद्दीवाला तर किलोवर देतो. फोटोंत अशी संधी एकाच ठिकाणी आहे: ज्यात नटनट्या नाहीत असे फोटो. कॅमेऱ्यामागची माणसं, सुतारकाम, सेटवरची जेवणाची पंगत. गिऱ्हाईक ते बाजूला सारतं आणि इतिहास नेमका तिथेच असतो. फोटोच घ्यायचे ठरवलंत, तर हेच घ्या.

विकायची वेळ आली की मात्र पारडं फिरतं. चेहऱ्याला भाषा लागत नाही, त्यामुळे फोटोला गिऱ्हाईक कुठलंही चालतं. मराठी आत्मचरित्राला मराठी वाचणाराच हवा.

परदेशात राहणाऱ्यांनी जुन्या वस्तू सोबत नेताना फार जपावं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं, कागदपत्रं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. सुटकेसमध्ये कपड्यांच्या घडीत घालून नेऊ, असा विचारही नको. ‘मी, दुर्गा खोटे’ची प्रत न्यायला अशी आडकाठी नाही. दुसरा गैरसमज हक्कांचा: फोटो विकत घेतला म्हणजे तो छापायचा हक्क मिळाला असं नाही. आपल्याकडे फोटोचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो.

घराचाही विचार करा. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर बुरशी फोटोवर आधी चढते, पुस्तकावर नंतर. फोटो पीव्हीसीच्या चिकट अल्बममध्ये कधीच नको. पॉलिस्टरचं पाकीट, आम्ल नसलेला कागद आणि बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट हवं. पुस्तकांना कसर लागते, पण दर महिन्याला उघडून झटकली तर ती तग धरतात. आणि कोणी १९५० च्या आधीच्या निगेटिव्हचा डबा स्वस्तात देऊ केला, तर तो नायट्रेटचा असू शकतो. तो घरात आणू नका, आधी चित्रपट संग्रहालयाला कळवा.

माझ्याकडे आज पुस्तकं जास्त आहेत, फोटो अकरा. त्यातल्या एकात स्टुडिओच्या आवारात तीन माणसं ट्रॉलीला टेकून उभी आहेत. पाठीवर पेन्सिलीने नुसता आकडा. प्रभातवरची पुस्तकं, आधी बापू वाटव्यांचं ‘एक होती प्रभातनगरी’ आणि मग बाकीची, चाळताना दोघांचा अंदाज लागला. तिसरा, डोक्याला रुमाल बांधलेला, अजून सापडायचाय.