ब्यूट इनलेट की फ्रेझर खोरं?

1871 मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरचं ब्रिटिश कोलंबिया कॅनडात सामील झालं, ते पूर्व कॅनडाशी जोडणारी रेल्वे दहा वर्षांत येईल या वचनावर. पण ती समुद्राला भेटणार कुठे? व्हँकुव्हर बेटावरची व्हिक्टोरिया ही प्रांताची राजधानी. तिथल्या लोकांना ब्यूट इनलेटचा (इनलेट म्हणजे जमिनीत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) मार्ग हवा होता, म्हणजे गाडी बेटांवरून थेट राजधानीत. मान मोठा, पण सामुद्रधुनीवरचे पूल तिजोरी रिकामी करणारे.

दुसरा मार्ग फ्रेझर नदीच्या खोऱ्याचा. तिथून मुख्य भूमीवरच्या बरार्ड इनलेटला उतरताना समुद्र ओलांडावा लागत नव्हता. कातळ फोडायला मात्र हजारो चिनी मजूर जुंपले, कित्येक मेले. 1885 मध्ये रूळ जुळले आणि त्याच वर्षी कॅनडात येणाऱ्या चिन्यांवर माणशी 50 डॉलरचा प्रवेशकर बसला! मार्ग म्हणून मला फ्रेझरच व्यवहारी वाटतो. व्हिक्टोरियाची समजूत बेटावरच्याच एस्क्विमॉल्ट-नानायमो या छोट्या रेल्वेवर काढली गेली.