बॉन्ड कुठून सुरू करू: 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' की 'मूनरेकर'?

मावसभावाने परवा विचारलं, दादा मी जेम्स बॉन्ड एकही बघितला नाहीये, शनिवारी रात्री लावायचा तर कुठला लावू? सिरीज एवढी मोठी की कुठलंही एक नाव सांगणं बरोबर वाटेना, म्हणून त्याला दोन टोकं सांगितली. एक १९६३ चा 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', शॉन कॉनरीचा. दुसरा १९७९ चा 'मूनरेकर', रॉजर मूरचा.

गंमत म्हणजे व्हेनिस दोन्हीकडे आहे. पहिल्यात सगळं मिटलं असं वाटत असताना हॉटेलच्या खोलीत मोलकरणीच्या वेषात एक बाई शिरते आणि तिच्या बुटातून विषारी पातं बाहेर येतं. दुसऱ्यात बॉन्डची गोंडोला पाण्यातून सरळ सेंट मार्क चौकात चढते, लोक बघत राहतात आणि एक कबुतर तर मान वळवून परत बघतं. शहर तेच, पण एकीकडे पोटात गोळा येतो आणि दुसरीकडे हसू येतं.

'फ्रॉम रशिया' संथ आहे हे आधीच सांगतो, बॉन्ड यायलाच बराच वेळ लागतो. पण ओरिएंट एक्स्प्रेसमधल्या त्या सीनसाठी थांबा. बॉन्डला मारायला आलेला ग्रँट त्याला गुडघ्यावर बसवतो, कसं मारणार ते शांतपणे सांगतो, बॉन्ड बॅगेतल्या सोन्याच्या नाण्यांचं आमिष दाखवतो आणि ग्रँट लोभापायी दुसरी बॅग स्वतःच उघडायला जातो, ती चुकीची उघडली तर अश्रुधूर फुटतो हे आपल्याला सुरुवातीलाच दाखवलेलं असतं, त्यामुळे त्याचा हात खटक्यावर गेला की आपलाच श्वास अडकतो. मग निळ्या उजेडात, एवढ्याशा डब्यात मारामारी, तीही बॅकग्राउंड म्युझिकशिवाय, नुसते काच फुटल्याचे आणि धापा टाकल्याचे आवाज. मी कितीदा बघितलाय तरी बॉन्ड वाचेल की नाही असंच वाटतं.

'मूनरेकर'मध्ये ती भीती फारशी नाही. 'स्टार वॉर्स' तुफान चालला म्हणून ठरलेला सिनेमा मागे ठेवून हा आधी केला, शेवट थेट अंतराळात, आणि पैसा इतका मिळाला की सिरीजमधला कमाईचा रेकॉर्ड १९९५ च्या 'गोल्डनआय'पर्यंत टिकला. म्हणजे लोकांना ही मजा हवीच होती. लहान मुलं सोबत असतील तर मी हाच लावीन. फक्त खलनायक ड्रॅक्स एका मुलीवर कुत्रे सोडतो तो जंगलातला सीन खरंच भयंकर आहे, तेव्हा मुलांकडे लक्ष ठेवा. अख्ख्या सिनेमात तेवढ्यापुरता जुना थ्रिलर जागा होतो.

माझी तक्रार विनोदाबद्दल नाहीये. विनोद आला की धोका निघून जातो, त्याबद्दल आहे. आणि दोन्ही एकत्र जमतं हे १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त दिसतं. त्यात उदयपूर आहे, रिक्षांचा पाठलाग आहे, बॉन्ड वाघाला चक्क बस म्हणतो, तो भाग मला अजिबात आवडत नाही. पण खलनायकाचा अंगरक्षक, कबीर बेदीचा गोबिंदा, हाताच्या मुठीत फासे चुरडतो तेव्हा हसू येत नाही. आणि शेवटाकडे बॉन्ड विदूषकाच्या वेषात सर्कशीत घुसतो, बॉम्ब फुटायला थोडाच वेळ उरलाय, तो जीव तोडून सांगतोय आणि सगळे हसतायत, कारण तोंडाला रंग फासलाय. इथे विनोदामुळेच धास्ती वाढते. अख्ख्या मूर काळात मला सगळ्यात आवडलेला सीन हाच.

मावसभाऊ एकटा बघणार होता, म्हणून त्याला 'फ्रॉम रशिया'च सांगितला. घरचे सगळे बसणार असतील तर 'ऑक्टोपसी'. आणि 'मूनरेकर'च बघायचा ठरला तर आधी १९७७ चा 'द स्पाय हू लव्ड मी' बघून घ्या, त्यात स्टीलच्या दातांचा जॉज खरा घाबरवतो, मग इथे तो प्रेमात पडतो तेव्हा काय झालंय ते नीट कळतं.