‘द टाइड इज हाय’ : पॅरागन्सचे मूळ ध्वनिमुद्रण

‘द टाइड इज हाय’ हे गाणे बहुतेक श्रोत्यांनी ब्लाँडी या अमेरिकी बँडच्या १९८० सालच्या किंवा अ‍ॅटॉमिक किटन या ब्रिटिश गायिका-त्रयीच्या २००२ सालच्या आवृत्तीत ऐकलेले असते. दोन्ही आवृत्त्या ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेल्या, ब्लाँडीची तर अमेरिकेतही. मूळ गाणे मात्र जमैकातील पॅरागन्स या गायक-त्रयीचे आहे. जॉन होल्ट यांनी ते रचले आणि टायरोन एव्हान्स व हॉवर्ड बॅरेट यांच्या साथीने गायले. १९६७ साली आलेल्या ‘ऑन द बीच’ या त्यांच्या तबकडीत ते ऐकायला मिळते. माझ्या मते या गाण्याचा खरा अर्थ आजही त्याच ध्वनिमुद्रणात सापडतो.

निर्माते होते ड्यूक रीड. पूर्वी पोलिसात असलेल्या या गृहस्थांचे किंग्स्टनच्या बाँड स्ट्रीटवर दारूचे दुकान होते आणि दुकानाच्या वरच त्यांचा ट्रेझर आयल स्टुडिओ. स्का या जमैकन नृत्यसंगीताचा धावता ठेका मागे पडून त्यातूनच आलेल्या रॉकस्टेडी या शैलीची संथ चाल रूढ होत होती, तो हा काळ. लय उतरल्यामुळे ब्राससंच (ट्रम्पेटसारखी फुंकवाद्ये) मागे सरला, बेस गिटारला स्वतःची सुरावट मांडायला जागा मिळाली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गायकांना श्वास घ्यायला उसंत मिळाली. टॉमी मॅकुक यांच्या सुपरसॉनिक्स वाद्यवृंदाने ही उसंत इथे फार समंजसपणे वापरली आहे: गिटार प्रत्येक मात्रेच्या उलट्या बाजूला हलकेच टोला देते आणि कोणतेही वाद्य गायकाच्या पुढे धावत नाही.

या संथपणामुळेच शब्दांना वजन येते. भरती चढली आहे, स्पर्धक पुष्कळ आहेत, तरीही आपण तग धरून आहोत, असे सांगणारा हा प्रियकर आहे. ब्लाँडीच्या गायिका डेबी हॅरी तेच शब्द जिंकण्याची खात्री असल्यासारखे गातात, आणि ती आवृत्ती त्या पद्धतीने उत्तम आहे. होल्ट यांच्या मऊ, किंचित मागे रेललेल्या आवाजात मात्र ती खात्री नाही, निव्वळ चिकाटी आहे. एव्हान्स आणि बॅरेट यांचे स्वर त्याला आधार देतात, त्याचा विजय घोषित करत नाहीत. ‘व्हाइट रम’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या रेमंड यांचे व्हायोलिन या सगळ्यावर एक कातर रेघ ओढते. रॉकस्टेडीत हे वाद्य क्वचितच ऐकू येते. त्याचा नाद थोडा कोरडा, खरखरीत आहे. गुळगुळीत ध्वनीची सवय असलेल्या कानाला तो सुरुवातीला खटकेल, पण मला तोच या गाण्याचा प्राण वाटतो. अ‍ॅटॉमिक किटनने गाण्यात नवा भाग जोडला आणि त्यात हा ताण पुरता विरून गेला.

ध्वनीची गुणवत्ता त्या काळाच्या मर्यादेतलीच आहे, त्यामुळे मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर बेस हरवतो आणि गाणे निम्मे होते. चांगला हेडफोन तरी हवाच. सुटे गाणे ऐकण्यापेक्षा संपूर्ण ‘ऑन द बीच’ घ्यावी. ‘वेअर यू टू द बॉल’ हे त्यातलेच दुसरे सुंदर गाणे असून, यू-रॉय या जमैकन कलाकाराने काही वर्षांनी त्याच्याच ध्वनिमुद्रणावर आपली लयबद्ध बोलणी चढवली. ती आवृत्ती लगेच पाठोपाठ ऐकावी.